गावच्या घराला कॅमेरे: जानेवारी ते नोव्हेंबर

१६ जानेवारी २०२५ च्या रात्री आमच्या खळ्यातून अर्धी गोण सुपारी आणि विहिरीवरच्या पंपाची वायर गेली. सकाळी पंप सुरू होईना म्हणून बाबा विहिरीवर गेले, तर वायर दोन्ही टोकांना कापलेली. सुपारी कमी झाल्याचं आईच्या लक्षात आलं त्यानंतर तासाभराने.

मी डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. गाव दापोली तालुक्यात. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, दिवा स्टेशनवरून सकाळची गाडी पकडून खेडला उतरले, पुढे एसटी. बाबांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. मालाची किंमत बाबांनी ४,२०० रुपये लिहिली. मास्तर होते, एक रुपया वाढवून लिहिणार नाहीत. अंमलदारांनी नीट समजावून सांगितलं: १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत, त्यांच्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र धरतात. अर्ज घेतला, पोच दिली. निघताना त्यांनी विचारलं, "घराला कॅमेरा आहे का?" बाबा म्हणाले, "घराला कौलं आहेत. तेवढंच आहे."

एसटीत बसल्यावर मी ठरवलं, कॅमेरे लावायचे. हे काम नोव्हेंबरपर्यंत पुरेल असं मात्र वाटलं नव्हतं. मधे बऱ्याच गोष्टी चुकल्या. त्या तशाच लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा मला मराठीत असं काही मिळालं नाही.

पहिल्यांदा सरळ मार्गाने गेले. फेब्रुवारीत तालुक्याच्या एका दुकानात चौकशी केली. चार कॅमेरे, रेकॉर्डर, फिटिंग, सगळं मिळून ३१,००० रुपये. "मोबाइलवर कुठूनही दिसेल ताई," असं म्हणत त्यांनी नमुना म्हणून स्वतःचा फोन पुढे केला. पडद्यावर कुणाचं तरी अंगण होतं. एक बाई तुळशीला पाणी घालत होत्या. "हे आमचे कस्टमर. बघा किती क्लिअर." मी विचारलं, त्यांना माहीत आहे का तुम्ही बघताय? ते हसले. म्हणाले, पासवर्ड आम्हीच सेट करून देतो, सर्व्हिसला बरं पडतं.

ते कोटेशन पर्समध्येच राहिलं. आई रोज दुपारी पडवीत केस विंचरत बसते.

मग वाचायला लागले. मला हवं होतं ते एवढंच: चित्रण घरातल्या घरात राहावं, कुणाच्या कंपनीत खातं उघडावं लागू नये आणि पासवर्ड आमच्याकडे असावा. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नावं बरीच सापडली. झोनमाइंडर फार जुनं आणि भक्कम, पण त्याची मांडणी बघून मला आमच्या बँकेची जुनी प्रणाली आठवली. मोशनआय सोपं, पण ते फक्त हालचाल पकडतं, आणि कोकणात काय हलत नाही? माडाच्या झावळ्या दिवसभर हलतात. फ्रिगेट हालचाल दिसली की त्या तुकड्यात माणूस आहे, कुत्रा आहे की गाडी, हे ओळखायचा प्रयत्न करतं, आणि तेही घरातल्याच संगणकावर. तेच घ्यायचं ठरलं.

मार्चमध्ये डोंबिवलीच्या घरी तालीम केली. हे मी सगळ्यांना सांगेन: गावी जाण्याआधी एक कॅमेरा विकत घ्या आणि स्वतःच्या गॅलरीत लावून महिनाभर खेळा. जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली घातली, त्यावर डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायची सोय), डॉकरमध्ये फ्रिगेट. सांगायला दोन ओळी, पण गेले चार रविवार. पहिल्या रविवारी चित्रच येईना. कॅमेऱ्याचा पासवर्ड मी बँकेच्या सवयीने कडक ठेवला होता, त्यात 'ॲट'चं चिन्ह होतं. कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता, म्हणजे ज्यावरून त्याचं चित्र मिळतं तो, लिहिताना पासवर्डनंतर तेच चिन्ह येतं, त्यामुळे सॉफ्टवेअरला पासवर्ड कुठे संपला हेच कळत नव्हतं. संध्याकाळी सात वाजता हे उमगलं. पासवर्ड लांब ठेवा, पण त्यात अक्षरं आणि आकडेच ठेवा. आणि पत्ता फ्रिगेटमध्ये घालण्याआधी व्हीएलसीमध्ये उघडून बघा. तिथे चित्र आलं तर दोष कॅमेऱ्यात नाही, एवढं तरी पक्कं होतं.

दुसरा रविवार मोकळ्या जागांनी खाल्ला. फ्रिगेटची सगळी मांडणी एका मजकुराच्या फाइलीत असते आणि तिथे ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली यावर अर्थ ठरतो. एका ओळीला मी टॅब दिला होता. डोळ्याला काहीच फरक दिसत नाही, फ्रिगेट मात्र सुरू होत नाही.

तिसऱ्या रविवारी लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. कॅमेरे दोन प्रवाह देतात, एक मोठा आणि एक लहान, हे तेव्हा कळलं. ओळखायच्या कामाला लहान पुरतो, ६४० बाय ३६० चा, सेकंदाला पाच चित्रं. मोठा नुसता साठवायला. मी दोन्ही कामांना मोठाच जोडला होता. शिवाय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'स्मार्ट' नावाची जी बचत योजना असते ती बंद करावी लागते, नाहीतर चित्रण मधेच अडकतं. मोठा प्रवाह एच.२६५ या चित्रण आवळायच्या पद्धतीत ठेवला तर जागा कमी लागते, पण माझ्या ब्राउझरमध्ये तो दिसेना, म्हणून एच.२६४ वर आणला.

एप्रिलमध्ये खरेदी. एन१०० प्रोसेसरचा छोटा संगणक, १६ जीबी रॅमचा आणि मुद्दाम दोन लॅन पोर्टचा: १३,८००. (दोन पोर्ट का, ते पुढे येतं.) जुन्या लेखांत ओळखण्याच्या कामासाठी गूगलची कोरल नावाची काडी घ्यायला सांगतात. ती लागली नाही. याच्या आतलीच इंटेलची ग्राफिक्स ओपनव्हिनो या इंटेलच्याच सॉफ्टवेअरमार्फत ओळखण्याचं काम १५ मिलिसेकंदांच्या आसपास उरकते. चार मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, ३,१०० ला एक. कॅमेऱ्यांच्या सुरक्षा-तपासणीचा केंद्र सरकारचा नवा नियम ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाला, म्हणून मुंबईतला दुकानदार जुना स्टॉक एका नगामागे सहाशेने स्वस्त द्यायला तयार होता. मी नव्या नियमातला मागितला. पाओई स्विच २,३००. त्यामुळे वीज आणि चित्र एकाच केबलमधून जातं, कॅमेऱ्याजवळ प्लग लागत नाही. पाळत ठेवण्यासाठी बनवलेली दोन टीबीची हार्ड डिस्क ५,६०० आणि तिच्यासाठी स्वतंत्र वीज असलेली पेटी १,४००. डिस्क किती मोठी घ्यायची याचा हिशेब सोपा आहे. चार मेगाबिटचा प्रवाह दिवसाला ४३ जीबी खातो. चार कॅमेरे म्हणजे १७२. दोन टीबीत अकरा दिवस.

केबल मी स्वस्तातली घेतली. शंभर मीटर, १,९०० रुपये. इथे चुकले.

१ मे गुरुवारी आला होता. शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस. गावातला वायरमन दोन दिवस आला, त्याचे २,०००. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, कॅमेऱ्याला लाईट कुठनं देऊ?" मी म्हटलं, याच निळ्या केबलमधून. त्याचा विश्वास बसला नाही. पहिला कॅमेरा लागून चित्र आलं तेव्हा तो शिडीवरून उतरून केबल हातात घेऊन बघत बसला. पुढचे तीन त्याने माझ्याशिवाय लावले. केबलच्या टोकाच्या प्लगमधले, म्हणजे आरजे४५ चे, तारांचे रंग मी वहीत लिहून नेले होते: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. संध्याकाळपर्यंत ते त्याला पाठ.

चिऱ्याच्या भिंतीत ड्रिल लोण्यासारखं जातं आणि स्क्रूही तितक्याच सहज बाहेर येतो. लांब फिशर वापरा आणि भोकात थोडं सिमेंट भरा. कॅमेरे चार ठिकाणी: बेड्याकडे (फाटकाकडे) बघणारा, खळ्यावरचा, मागे न्हाणीघराच्या भिंतीवरून विहिरीकडे तोंड केलेला, आणि मांगरावर (वाडीतल्या खोपटावर). मांगर घरापासून ५५ मीटर.

रात्री मांगराचा कॅमेरा बंद पडायचा आणि दर दोन मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायचा. दिवसा ठणठणीत. दोन रात्री मी सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधला. तिसऱ्या सकाळी वायरमनने केबलची तार ब्लेडने खरवडली. वर तांबडी, आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्याची विजेची भूक वाढते आणि एवढ्या लांबवर त्या तारेतून ती भागत नाही. शुद्ध तांब्याची, बाहेरच्या वापराची केबल दापोलीहून आणली, ४,२००. दुकानात ब्लेड घेऊन जा आणि घेण्याआधी खरवडून बघा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

दोन लॅन पोर्टांचं कारण असं. कॅमेरे सगळे स्विचवर, स्विच छोट्या संगणकाच्या एका पोर्टाला. राउटर दुसऱ्या पोर्टाला. कॅमेऱ्यांना इंटरनेट दिसतच नाही. २०१६ मध्ये मिराय नावाच्या किड्याने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर जगभरातून गोळा करून त्यांच्याकरवी हल्ले चढवले होते. त्या हल्ल्यात आपल्या मांगराचा हात नको.

याचा एक तोटा पावसात कळला. वीज जाऊन आली की कॅमेऱ्यांची घड्याळं चुकायची. एकाने तर थेट १९७० साल दाखवलं. इंटरनेट नाही, मग वेळ कुणाला विचारणार? शेवटी छोट्या संगणकावरच क्रोनी नावाचं वेळेचं सॉफ्टवेअर बसवून त्याला वेळ सांगायच्या कामाला लावलं आणि चारही कॅमेऱ्यांच्या एनटीपीच्या (वेळ जुळवायच्या) रकान्यात त्याचा पत्ता भरला. चित्रावरची वेळ चुकीची असेल तर पोलिसांकडे जाताना ते चित्रण असून नसल्यासारखं.

आता घरच्यांबद्दल. सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

आमचं घर दोन भावांचं आहे. डावीकडे आम्ही, उजवीकडे चुलतकाका-काकू, मधे खळं सामाईक. जमीन सातबाऱ्यावर एकत्र. मी काकांना फोनवर सांगितलं होतं, ते 'बरं' म्हणाले होते. काकूंना कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. ३ मेच्या संध्याकाळी चित्र सुरू झालं तेव्हा सगळे ओटीवर जमले. काकूंनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "हे आमचं दार ना?"

मी म्हटलं, काळजी करू नका, तुमच्या बाजूवर मी मास्क टाकते. फ्रिगेटमध्ये चित्रावर बोटाने आकार काढून मास्क टाकता येतो. मी तो टाकला आणि निर्धास्त डोंबिवलीला परतले. पंधरा दिवसांनी बाबांनी काकांना सकाळचं चित्रण दाखवलं, माकडं बघायला. त्यात काकू दारात बसून भाजी निवडताना स्वच्छ दिसल्या. मास्क होता की! हो, होता. पण फ्रिगेटचा मास्क म्हणजे 'या भागातल्या हालचालीकडे लक्ष देऊ नकोस' एवढंच. चित्रणात तो भाग झाकला जात नाही. वाचताना ते वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं, मी त्याचा मला हवा तो अर्थ घेतला होता.

झाकायचं असेल तर ते कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये करावं लागतं. तिथे प्रायव्हसी मास्क नावाची सोय असते. तिने काढलेला चौकोन कॅमेऱ्यातूनच काळा होऊन बाहेर पडतो, साठवला जातो तोही काळाच. मला हे कळेपर्यंत काकू चार दिवस आईशी बोलत नव्हत्या. खळ्यात येताना पदर डोक्यावरून घ्यायच्या. आईने फोनवर सांगितलं, "तुझ्या कॅमेऱ्यापेक्षा चोर बरा होता."

त्याच सुमारास वाचनात आलं की एका घराच्या राहत्या भागात सहमालकांच्या संमतीशिवाय लावलेल्या कॅमेऱ्यांवरून कोलकाता उच्च न्यायालयाने ते कॅमेरे लावणाऱ्याच्या विरोधात निकाल दिला होता आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. तिथेही भाऊच होते. भाऊबंदकीतल्या घराला कॅमेरे लावणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावं. मी जूनमध्ये गेले तेव्हा काकूंना शेजारी बसवून चौकोन काढला. किती मोठा, ते त्यांनी सांगितलं. दार, पायऱ्या, तुळशीवृंदावनाची अलीकडची बाजू, कोंबड्यांचं खुराडं. "अजून थोडं," असं म्हणत खळ्याचा तिसरा भाग काळा झाला. मग एका कागदावर चार ओळी लिहिल्या: कॅमेरे कुठे, कुठे बघतात, चित्रण किती दिवस राहतं, कोण बघू शकतं. चौघांच्या सह्या. स्टॅम्प पेपर वगैरे काही नाही. बाबांनी तो त्यांच्या रोजनिशीत चिकटवला.

आईची अट वेगळी होती. पडवीत कॅमेरा नको, आणि न्हाणीघरावरच्या कॅमेऱ्यात न्हाणीघराची वाट नको. दुसरी गोष्ट मला सुचायला हवी होती. तो कॅमेरा वायरमनने पुन्हा शिडी लावून वीतभर फिरवला.

पाऊस त्या वर्षी थांबलाच नाही आमच्यासाठी. २६ मेला मान्सून मुंबईत पोहोचला, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी. कोकणात त्याच्याही आधीपासून ओतत होता, आणि आमचे जोड अजून उघडे होते. कॅमेरा आयपी६७, म्हणजे धो धो पावसात चालतो. पण त्याच्या शेपटीला जो जोड असतो तो आयपी काहीही नसतो. बेड्याचा कॅमेरा २२ मेला गेला. जूनमध्ये उघडून बघितलं तर पिना हिरव्या पडलेल्या. प्रत्येक कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स बसवला, जोड आत सरकवला आणि बॉक्समध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकतं, आत जात नाही. पाईप, बॉक्स, क्लॅम्प मिळून २,१५०. हे मेमध्येच करायचं असतं.

वीज जाणं हा दुसरा प्रकार. घरचा इन्व्हर्टर तीन-चार तास खेचतो, मग सगळं बंद. लाईट आल्यावर छोटा संगणक आपोआप सुरू व्हायला हवा. ती सोय त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे अगदी मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये, असते, पण बंद ठेवलेली असते. ती सुरू करून ठेवा, नाहीतर आई-वडिलांना फोनवरून बटण शोधायला लावावं लागतं. मी लावलं आहे. "निळा दिवा का हिरवा?" यावर अर्धा तास. राउटरला स्वतंत्र छोटा यूपीएस घेतला, १,३००.

जुलैत आणखी एक गंमत झाली. एका रात्री चार वेळा वीज गेली-आली, त्यात बाहेरची डिस्क जोडली जायच्या आधीच फ्रिगेट सुरू झालं. त्याला डिस्कच्या नावाचा फोल्डर दिसला, रिकामा, म्हणून ते त्यात, म्हणजे संगणकाच्या छोट्या एसएसडीवर, साठवत बसलं. मला आठवडाभर पत्ता नाही. जुनं चित्रण उघडेना तेव्हा लक्षात आलं. आता डिस्क जोडली गेली नसेल तर फ्रिगेट सुरूच होत नाही अशी मांडणी केली आहे. हे ज्याने त्याने पहिल्याच दिवशी करावं.

डोंबिवलीतून बघण्यासाठी राउटरमध्ये दार उघडायचा विचार होता, पण आमच्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नाही, अनेक घरांना मिळून एक. ते बरंच झालं. टेलस्केल घातलं, ते वायरगार्ड या सांकेतिक खाजगी जोडणीच्या पद्धतीवर चालतं, माझा फोन, बाबांचा फोन आणि गावचा संगणक यांच्यात खाजगी वाट तयार होते. अर्ध्या तासात झालेलं हे एकमेव काम. फ्रिगेट उघडताना ८९७१ या पोर्टानेच उघडा, तिथे लॉगिन आहे. ५००० ला नाही.

फोनवर सूचना याव्यात म्हणून घरातली उपकरणं एकत्र जोडणारं होम असिस्टंट आणि मॉस्किटो नावाचा निरोप्या बसवला. डासाच्या नावाचं सॉफ्टवेअर कोकणात वेगळं बसवावं लागतं हे बाबांना फार आवडलं. पहिल्या रात्री ११४ सूचना आल्या. फ्रिगेटच्या मते आमच्या खळ्यात रात्रभर माणसं फिरत होती. त्यातली निम्मी म्हणजे दांडीवर वाळणारी आईची नऊवारी, ७१ टक्के खात्रीने पर्सन. बाकीची पाल. कॅमेऱ्याच्या काचेवरून चालणारी पाल इन्फ्रारेडमध्ये एवढी मोठी दिसते की मीही दचकले. इन्फ्रारेड दिव्याला किडे येतात, किड्यांना पाल आणि कोळी येतात, कोळी जाळं विणतो आणि वाऱ्याने जाळं हललं की पुन्हा सूचना. शेवटी खळ्यावरच्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे बंद केले आणि त्याच्यापासून दहा फूट लांब नऊ वॉटचा बल्ब लावला. किडे तिकडे गेले. इतर तीन कॅमेऱ्यांची जाळी आई काठीला फडकं बांधून आठवड्याला पुसते. साडीसाठी किमान खात्रीचा आकडा वाढवला आणि खळ्यात एक झोन आखला. त्या झोनमध्ये माणसाचे पाय पडले तरच, आणि तेही रात्री ११ ते पहाटे ५ मधेच, फोन वाजतो. आता आठवड्याला दोन-तीन सूचना येतात. उदमांजराला ते मांजर म्हणतं. ते ज्या यादीवर शिकलं आहे तिच्यात उदमांजर नाही.

२७ ऑगस्टला गणपती. घरात तीस माणसं, रात्री भजनं, खळ्यात पोरं. कॅमेरे चालू आहेत म्हटल्यावर पुण्याची चुलतबहीण म्हणाली, "म्हणजे आम्ही फुगड्या घालायच्या आणि तू डोंबिवलीत बसून बघायच्या?" मी तिथेच तिच्या शेजारी होते, पण मुद्दा बरोबर होता. होम असिस्टंटमध्ये एक बटण केलं, ओटीवरच्या टॅबवर. दाबलं की खळ्याच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग थांबतं. ते बटण आता आई दुपारीही दाबते. का, ते मी विचारत नाही.

एकूण खर्च ४७,०५० रुपये, त्यात वाया गेलेली केबल धरून, प्रवास सोडून. दुकानवाल्याच्या ३१,००० पेक्षा दीडपट. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ते स्वस्त पडेल म्हणून कुणी या वाटेला जाऊ नये. वीज मोजली: सगळं मिळून ४५ वॉट, म्हणजे महिन्याला ३२ युनिट.

चोर सापडला का, असं सगळे विचारतात. नाही. जानेवारीतला तो चोर कोण होता हे कॅमेरे मेमध्ये लावून कसं कळणार? त्यानंतर चोरी झालेली नाही. पण ती कॅमेऱ्यामुळे झाली नाही की सुपारीच ओटीवर वाळायला लागली म्हणून, सांगता येत नाही. सप्टेंबरमध्ये रस्त्यावर एका दुचाकीला धडक बसली, तेव्हा मात्र पोलीस चित्रण मागायला आले. ते नुसतं व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलीचा हॅश, म्हणजे फाइलीवरून काढलेला तिचा ठसा, लिहावा लागतो. फ्रिगेटमधून तेवढा तुकडा निर्यात केला, एका आज्ञेने त्याचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढला, ६४ अक्षरं. बाबांनी ती सुवाच्य अक्षरात लिहिली, पुन्हा मोजली आणि सही केली. पेन ड्राइव्ह आमचा गेला, २८० रुपये. ते वरच्या खर्चात नाहीत.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेआठला काकूंचा फोन आला. थेट मला, पहिल्यांदाच. त्यांची काळी कोंबडी खुराड्यात आली नव्हती. "बघ गं जरा तुझ्या त्यात." मी संध्याकाळचं चित्रण मागे नेलं. ५ वाजून ५२ मिनिटांनी कोंबडी खळ्यात दिसली, फ्रिगेटने तिला बर्डही म्हटलं होतं. टोचत टोचत ती उजवीकडे सरकली आणि काळ्या चौकोनात शिरली. पुढे सात वाजेपर्यंत बघितलं. बाहेर आली नाही.

मी काकूंना तसं सांगितलं. म्हटलं, हवं तर पुढच्या वेळेसाठी खुराड्यापुरता चौकोन लहान करते, दोन मिनिटांचं काम आहे.

"नको," काकू म्हणाल्या. "मुंगसाने नेली असेल. काळं राहू दे."